स्कॉटलंडमधल्या डंबार्टनची डेनी ही जहाजबांधणी कंपनी इतकी पुढारलेली होती, तर १९६३ मध्ये बंद का पडली, असं तुम्ही विचारलंत.

‘कटी सार्क’ हे शिडाचं जहाज डेनींचं, असं धरून तुम्ही सुरुवात केलीत, पण त्या जहाजाचं श्रेय डेनींना अर्धंच. ते बांधायचं काम घेतलं होतं स्कॉट अँड लिंटन या शेजारच्या छोट्या कारखान्यानं. जहाजाचे मालक जॉन विलिस यांनी टनाला १७ पौंडांवर सौदा रेटला आणि त्यात कारखान्याचं दिवाळं वाजलं. उरलेलं काम विल्यम डेनी अँड ब्रदर्सनी पुरं केलं. हे १८६९ चं.

माझ्या मते डेनींची खरी कमाई म्हणजे त्यांची पाण्याची टाकी. नवं जहाज किती वेगानं जाईल हे तोवर बहुतेक अनुभवावर आणि अंदाजावरच ठरायचं. इंग्लंडात विल्यम फ्रूड यांनी नौदलासाठी टाकीत छोटी मॉडेलं ओढून वेगाचा हिशेब मांडता येतो हे दाखवलं होतं. तेच १८८३ मध्ये डेनींनी स्वतःच्या खर्चानं उभारलं. टाकी सुमारे १०० मीटर लांब, मॉडेलं मेणाची. खासगी जहाजबांधणी कंपनीची अशी ही जगातली पहिलीच टाकी. त्यामुळे वेगाची हमी देऊन करार करणं त्यांना परवडू लागलं. १९०१ ची ‘किंग एडवर्ड’, म्हणजे टर्बाइनवर (वाफेनं पाती फिरवणाऱ्या इंजिनावर) चालणारी पहिली व्यापारी प्रवासी बोट, याच कारखान्यातली.

ब्रह्मदेशात इरावती नदीवर बोटी चालवणाऱ्या इरावती फ्लोटिला कंपनीसाठीही त्यांनी ढिगानं नदीबोटी बांधल्या. बऱ्याच सुट्या भागांत पाठवून तिथे जोडल्या जात. १८८५ मध्ये मंडालेवर चाल करून गेलेली इंग्रजी फौज याच फ्लोटिलाच्या बोटींतून गेली, आणि ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला कैद करून नदीतून खाली नेलं तेही तिच्याच बोटीतून. पुढे तो रत्नागिरीला आला, ते आपल्याला माहीत आहेच.

मग बंद का पडली? कारखाना लेव्हन या लहानशा नदीच्या काठी, म्हणजे फार मोठी जहाजं बांधायला जागाच नाही. फेरीबोटी आणि मध्यम आकाराच्या बोटी हा त्यांचा हातखंडा. दुसऱ्या महायुद्धानंतर परदेशी कारखाने स्वस्तात काम घेऊ लागले आणि मागणी आटली. अशा वेळी त्यांनी हॉवरक्राफ्टच्या, म्हणजे हवेच्या गादीवर तरंगत जाणाऱ्या वाहनांच्या, प्रयोगांत पैसा ओतला. कल्पना चांगली होती, वेळ चुकली. १९६३ मध्ये त्यांनी स्वतःहूनच कंपनी गुंडाळली.

ग्लासगोहून डंबार्टनला लोकल ट्रेन जाते. टाकी आता स्कॉटिश मॅरिटाइम म्युझियमकडे आहे, ती आधी बघा. ‘कटी सार्क’ लंडनच्या ग्रिनिचमध्ये आहे, ती नंतर पाहिलीत तरी चालेल.