वाचकांचे प्रश्न : प्रचाराचा सूत्रधार कारभारी होतो तेव्हा

प्रश्न : अमेरिकेचे जेम्स बेकर मूळचे निवडणुकांचे सूत्रधार. पुढे ते व्हाइट हाउसचे चीफ ऑफ स्टाफ (अध्यक्षांच्या कार्यालयाचे प्रमुख), अर्थमंत्री आणि परराष्ट्रमंत्री झाले. प्रचारातले कसब सरकार चालवायला खरेच उपयोगी पडते का?

उत्तर : पडते, पण सगळे नाही. घोषणा आणि जाहिराती निकालाच्या दिवशी संपतात. बेकर यांच्याकडे टिकणारे कसब होते ते मते मोजण्याचे. १९७६ मध्ये रिपब्लिकन उमेदवारीसाठी अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांना रोनाल्ड रेगन यांनी आव्हान दिले, तेव्हा जिंकायला पक्षाच्या अधिवेशनात मत देणारे ११३० प्रतिनिधी हवे होते. कोण पक्का, कोण कुंपणावर, कोणाला व्हाइट हाउसचे बोलावणे पाठवले म्हणजे तो वळेल, हा हिशेब बेकर ठेवत. ते आकडा फुगवून सांगत नसत, म्हणून पत्रकारही त्यावर विसंबू लागले. कॅन्सस सिटीच्या अधिवेशनात फोर्ड यांना ११८७ आणि रेगन यांना १०७० मते पडली.

पाच वर्षांनी रेगन अध्यक्ष आणि बेकर त्यांचे चीफ ऑफ स्टाफ असताना हेच काम रेगन यांच्यासाठी झाले. प्रतिनिधिगृहात डेमोक्रॅटिक पक्षाचे बहुमत होते, तरी जुलै १९८१ मध्ये करकपातीचा प्रस्ताव २३८ विरुद्ध १९५ मतांनी पार पडला.

प्रश्न : बेकर यांनी तर १९८० मध्ये पक्षाच्या उमेदवारीसाठी रेगन यांच्या विरोधात जॉर्ज बुश (थोरले) यांचा प्रचार चालवला होता. मग रेगन यांच्या जुन्या सहकाऱ्यांत त्यांचा निभाव कसा लागला?

उत्तर : एका पानाच्या टिपणामुळे. चीफ ऑफ स्टाफचे पद रेगन यांचे जुने सहकारी एडविन मीस यांना मिळेल असे सगळे धरून चालले होते. नोव्हेंबर १९८० मध्ये दोघांनी बसून कामे लिहून वाटून घेतली. मीस यांना मंत्रिमंडळाचा दर्जा, धोरणविषयक सल्ला आणि देशांतर्गत धोरण व राष्ट्रीय सुरक्षा या विभागांवर देखरेख मिळाली. बेकर यांनी कर्मचाऱ्यांची नेमणूक व बडतर्फी, अध्यक्षांकडे जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक कागदावर नियंत्रण आणि व्हाइट हाउसच्या पश्चिम कक्षातले (जिथे अध्यक्षांचे कार्यालय असते) कोपऱ्यातले दालन मागून घेतले. मीस यांचा रकाना वाचायला भारदस्त वाटतो, पण माझ्या मते खरी सत्ता दुसऱ्या रकान्यात होती. कोणती फाइल अध्यक्षांपुढे कधी आणि कोणाच्या शेऱ्यासह जाते, यावरच निर्णय ठरतो. नव्या पदावर जाणाऱ्याने दर्जासाठी भांडण्यापेक्षा आधी हे पाहावे.

प्रश्न : १९८५ मध्ये बेकर आणि अर्थमंत्री डोनाल्ड रीगन (अध्यक्ष रेगन नव्हेत) यांनी पदांची अदलाबदल केली. त्यात काय बिघडले?

उत्तर : बेकर यांच्या बाजूने काहीच नाही. चीफ ऑफ स्टाफला सिनेटची मंजुरी लागत नाही, अर्थमंत्र्याला लागते, आणि ती त्यांना सहज मिळाली. विश्वासू सहकारी रिचर्ड डार्मन यांना त्यांनी सोबत नेले. त्याच वर्षी २२ सप्टेंबरला न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच देशांनी डॉलरचा भाव उतरवण्याचा करार केला.

बिघडले ते व्हाइट हाउसमध्ये. डोनाल्ड रीगन पूर्वी मेरिल लिंच या शेअर दलाली कंपनीचे प्रमुख होते आणि त्यांना हुकूम सोडायची सवय होती. संसद हुकूम ऐकत नाही, अध्यक्षांच्या पत्नीही ऐकत नाहीत. नॅन्सी रेगन यांच्याशी त्यांचे बिनसले. इराणला गुपचूप शस्त्रे विकल्याच्या प्रकरणानंतर माजलेल्या गोंधळाची मुख्य जबाबदारी चौकशी करणाऱ्या टॉवर आयोगाने २६ फेब्रुवारी १९८७ च्या अहवालात डोनाल्ड रीगन यांच्यावर टाकली. दुसऱ्या दिवशी त्यांनी पद सोडले.

प्रश्न : मग १९९२ च्या निवडणुकीत बेकर तेव्हाचे अध्यक्ष बुश यांना पराभवापासून का वाचवू शकले नाहीत?

उत्तर : ते आले तेव्हा मतदानाला जेमतेम १० आठवडे उरले होते. तेव्हा ते परराष्ट्रमंत्री होते; परराष्ट्रमंत्र्याने प्रचारापासून दूर राहायची प्रथा आहे, त्यामुळे ते पद सोडून त्यांना पुन्हा चीफ ऑफ स्टाफ व्हावे लागले, आणि तेही नाखुशीने. आर्थिक मंदीचा राग, तिसरे उमेदवार म्हणून उभे राहिलेले रॉस पेरो आणि बुश यांनी मोडलेले कर न वाढवण्याचे वचन, यांपैकी काहीही मोजदादीने सुटणारे नव्हते. बुश यांना सुमारे ३७ टक्के मते मिळाली.