धानावरचा कडा करपा: तुमचे प्रश्न

रोवणी आटोपली की दरवर्षी फोन सुरू, "साहेब, बियाणं प्रतिकारक होतं, तरी करपा कसा आला?" म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

प्रश्न: करप्यासाठी दुकानदाराने बुरशीनाशक दिलंय, मारू का?

आधी करपा कोणता ते बघा. कडा करपा जिवाणूचा, बुरशीनाशकाने त्याला काही होत नाही. पानाच्या कडेची पिवळी पट्टी आणि हिरवा भाग जिथे मिळतात तिथलं ताजं पान कापा, काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात उभं धरा. काही वेळात कापलेल्या जागेतून दुधाळ धागा खाली उतरला तर जिवाणू समजा, आणि फोटो पाठवत बसू नका, पान घेऊन साकोली नाहीतर सिंदेवाहीच्या कृषी विज्ञान केंद्रात जा.

प्रश्न: युरिया दिला तर धान सावरेल?

नाही, रोग आणखी भडकेल.

प्रश्न: रोवणीला रोपांचे शेंडे खुडतो, चालतं ना?

नका खुडू. जखम म्हणजे जिवाणूला उघडं दार.

प्रश्न: पाच वर्षं गावात सगळ्यांनी एकच प्रतिकारक वाण लावला, आता त्यावरच करपा येतोय. बियाणं नकली?

असूही शकतं, पावती आणि पिशवीचं लेबल जपून ठेवा. पण मला वेगळीच शंका येते. हा जिवाणू पानात आपलं प्रोटीन सोडून भाताचंच साखर बाहेर सोडणारं जीन (जनुक) चालू करतो, म्हणजे नळ आपल्या घरचा आणि तोटी फिरवणारा तो. एक्सए-१३ हे करप्याला अडवणारं जीन असलेल्या वाणात ती तोटीच बदललेली असते, मग त्याची उपासमार होते. पण दुसरा नळ उघडता येणारे थोडे जिवाणू शिवारात असले तर? सगळीकडे तोच वाण, बाकीचे मागे पडतात आणि हेच वाढतात! वाण जिवाणूला काही शिकवत नाही हो, नुसती निवड करतो, आणि ती निवड आपण गावभर एकच वाण पेरून करून देतो. फिलिपिन्समध्ये एक्सए-४ वाले वाण पसरल्यावर १९७० च्या दशकात हेच झालं, त्या जीनला न जुमानणारा जिवाणू तिथे वरचढ झाला. उलट एक्सए-७ जास्त टिकलं, कारण त्याला चुकवायला जिवाणूला स्वतःचंच एक हत्यार टाकावं लागतं आणि तो दुबळा होतो. एकाच जीनवर विसंबायला नको म्हणून २००८ मध्ये आलेल्या सुधारित सांबा मसुरी या धानाच्या वाणात एक्सए-५, एक्सए-१३ आणि एक्सए-२१ अशी तीन जीन्स एकत्र घातलीत. तरी एकच वाण वर्षानुवर्षं नको, आणि बदलताना तुमच्या भागात कोणता चालतो ते कृषी विज्ञान केंद्रात विचारूनच घ्या, भाऊबंदांच्या ऐकीव गोष्टींवर नको.

प्रश्न: "शंभर टक्के करपामुक्त" लिहिलेली पिशवी मिळतेय, घेऊ?

कोणतं जीन आणि कुठे तपासलं, एवढं विचारा. दुकानदार गप्प बसला की तुम्ही उठा.

प्रश्न: नातेवाईकांची डाळिंबाची बाग आहे, भगव्या वाणावर तेल्या रोग येतो. तिथेही असा प्रतिकारक वाण लावता येईल?

जिवाणू त्याच कुळातला, पण भगवा तेल्याला बळी पडणाराच वाण आहे आणि भाताची जीन्स तिथे कामाची नाहीत. त्यांना सोलापूरच्या डाळिंब संशोधन केंद्राला विचारायला सांगा, माझा धानाचा सल्ला बागेत नेऊ नका.