डिप टिकवायचंय, पण ‘नैसर्गिक’च पाहिजे!

प्रश्न : ताई, मी सांगलीत विश्रामबागला राहते, घरून डिप्स करून देते. चक्क्याचं लसूण-पुदिना, बीट घातलेलं एक आणि छोले वाटून हमस. ऑर्डरी चांगल्या येतायत, मिरजेच्या एका कॅफेवाल्यानं पण विचारलंय, पण तो म्हणतो वीस दिवस तरी टिकलं पाहिजे आणि डब्यावर ‘नो प्रिझर्व्हेटिव्ह’ पाहिजे. मी सध्या पाच दिवसांत संपवा म्हणून सांगते. कोण म्हणतं हळद घाल, कोण म्हणतं लवंगेचं तेल, ऑनलाइन नायसिन नावाची पावडर मिळते ती पण नैसर्गिक आहे म्हणे. आणि सगळं फ्रीजमध्येच राहणार असेल तर एवढं घाबरायचं कशाला? नेमकं काय घालू?

उत्तर : कॅफेवाल्याला वीस दिवस पण पाहिजेत आणि ‘नो प्रिझर्व्हेटिव्ह’ पण पाहिजे, म्हणजे सोय त्याची आणि जबाबदारी तुमच्या गळ्यात. असो. आधी फ्रीजचं बोलू, कारण खरी गोची तिथंच आहे. फ्रीजमध्ये जंतू मरत नाहीत, त्यांची वाढ मंदावते, आणि लिस्टेरिया मोनोसायटोजेनीस म्हणून एक बॅक्टेरिया आहे तो तर चार डिग्रीला पण हळूहळू वाढतच राहतो, बाकीचे गारठून बसलेले असतात त्यामुळं याला रान मोकळं. वास येत नाही, बुरशी दिसत नाही, चव पण तीच. धडधाकट माणसाला फार तर ताप-जुलाब होऊन निभावतं, पण गरोदर बाई, वयस्कर माणसं, कॅन्सरचे उपचार चाललेले, यांच्या जिवावर बेतू शकतं, पोटातलं बाळ जाऊ शकतं. आणि खाल्ल्यावर आजार दिसायला कधी कधी कित्येक आठवडे लागतात, तोवर कुठल्या डब्यातनं आलं हे कुणाला आठवणार? दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८ मध्ये पोलोनी म्हणजे तयार मांसाच्या एका पदार्थातनं हा पसरला, हजारावर लोक आजारी पडले, दोनशेच्या वर दगावले.

छोले कुकरला शिजले की त्यातला लिस्टेरिया मरतो, त्याला ७० डिग्री दोन मिनिटं पुरतात. भानगड नंतर होते. कच्चा पुदिना, कोथिंबीर, लसूण हे मातीतनं येतं, आणि तुम्ही ते शिजलेल्या मालात वरनं घालता. शिवाय मिक्सरच्या झाकणाची रबरी रिंग काढून बघा एकदा, आत जो चिकट पिवळा थर असतो ना, तो दर वेळी पुढच्या डिपमध्ये थोडा थोडा जातोच. रिंग आणि ब्लेडची बैठक रोज सुटी करून गरम पाणी-साबणानं घासायची आणि पूर्ण वाळवायची. याला पर्याय म्हणून कुठलीच पावडर चालत नाही.

आता घालायचं काय. तुमचं सगळ्यात भरवशाचं औषध म्हणजे आंबटपणा. पीएच (आंबटपणा मोजायचा आकडा, जितका कमी तितकं आंबट) साधारण ४.४ च्या खाली गेला की लिस्टेरियाची वाढ थांबते (थांबते म्हणतेय, मरतोच असं नाही), म्हणून मी तरी ४.२ च्या आसपास ठेवा म्हणेन, थोडी जागा राहते. चांगल्या आंबट चक्क्याचं डिप तिथं सहज जातं, पण बीट घातलं की पीएच वर सरकतो, आणि हमस तर लिंबू कमी पडलं की पाचच्या वरच राहतो. म्हणजे तुमच्या तीन डिपना एकच तारीख देता येणार नाही, हमसवर सगळ्यात जास्त लक्ष पाहिजे. कागदी पट्टीवर अवलंबून राहू नका, बीटच्या डिपमध्ये ती लालच दिसणार, काय वाचणार? छोटा पीएच मीटर घ्या, ४ आणि ७ च्या बफरला (पीएच ठरलेला असतो अशा द्रावणाला) लावून घ्या आणि प्रत्येक घाण्याचा आकडा वहीत लिहा. आणि एक, पीएच तेवढाच असला तरी लिंबापेक्षा व्हिनेगर जंतूंना जास्त बाधतं, कारण त्यातलं अ‍ॅसिटिक आम्ल न फुटलेल्या रूपात जंतूच्या आत शिरतं. चवीला दोन्ही मिळून घातलं तर बरं लागतं.

हळदीबद्दल सांगलीत बसून वाकडं बोलायचं म्हणजे धाडसच! पण हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, लॅबमध्ये जंतूंवर चालतं म्हणून चिमूटभर हळदीनं चक्का टिकेल असं होत नाही. उलट कच्च्या मसाल्याच्या पुडीबरोबर जंतूंचे स्पोअर्स म्हणजे सुप्त बीजं येतात, घालायचीच तर रंगाला घाला आणि तेलात परतून घाला. लवंगेच्या तेलातलं युजेनॉल खरंच मारक आहे, पण डिपमधलं फॅट आणि प्रोटीन ते धरून ठेवतं, मग डोस वाढवावा लागतो आणि खाणाऱ्याला वाटतं दाढ दुखतेय म्हणून तोंडात लवंग धरलीय.

नायसिन त्यातल्या त्यात कामाचं. लॅक्टोकॉकस लॅक्टिस या दूध आंबवणाऱ्या बॅक्टेरियाकडनंच ते बनतं, लिस्टेरियावर चालतं, आंबट पदार्थात जास्त चांगलं चालतं. पण ई. कोलाय आणि साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूंवर एकट्यानं चालत नाही, त्यांच्या बाहेरचं आवरण त्याला आत येऊ देत नाही, म्हणजे कच्ची कोथिंबीर नीट न धुता नायसिन टाकून झोपलात तर उपयोग शून्य. आणि बाजारातल्या पावडरीत नायसिन बहुतेक वेळा अडीच टक्केच, बाकी मीठ वगैरे, त्यामुळं अंदाजपंचे चमच्यानं घालू नका. तुमच्या प्रकारच्या पदार्थात चालतं का, किती चालतं, हे एफएसएसएआयच्या (देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या) नियमात बघूनच. शिवाय ते घातलं की लेबलवर प्रिझर्व्हेटिव्ह म्हणून आयएनएस २३४ (त्याचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) लिहावं लागणार, म्हणजे कॅफेवाल्याचं ‘नो प्रिझर्व्हेटिव्ह’ गेलंच! नुसतं ‘नॅचरल’ लिहिण्यावर पण २०१८ च्या दाव्यांच्या नियमांत बंधनं आहेत, मिश्र पदार्थाला थेट तसं म्हणता येत नाही.

वीस दिवस द्यायचेच असतील तर एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या लॅबमधनं चॅलेंज टेस्ट करून घ्या, त्यात ते मुद्दाम लिस्टेरिया घालून रोज किती वाढतो ते मोजतात. खर्च आहे. तो परवडत नसेल तर पाच दिवसच ठेवा आणि कॅफेला आठवड्यातनं दोनदा ताजा माल द्या, मिरज आहे कुठं लांब. त्याच्या फ्रीजमध्ये पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर ठेवून बघा मात्र, सारखं दार उघडणाऱ्या फ्रीजमध्ये आठ-नऊ डिग्री पण निघते आणि मग तुमचे पाच दिवस पण पाच राहत नाहीत.

प्रश्न : मी साताऱ्याचा. डिपसाठी सोललेला लसूण तेलात बुडवून बाटलीत ठेवतो, महिनाभर बाहेरच असतो, काही झालं नाही आजपर्यंत. चालेल ना? लसूण तर स्वतःच जंतुनाशक आहे.

उत्तर : नाही चालणार, आजच फेकून द्या. तेलाखाली हवा लागत नाही, लसणाला आंबटपणा नाही, क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या विष तयार करणाऱ्या बॅक्टेरियाला एवढंच लागतं, आणि त्याचं विष लसणाच्या गुणाला जुमानत नाही. लसूण-तेलातनं बोट्युलिझम (त्या विषानं होणारा जीवघेणा आजार) झाल्याची प्रकरणं १९८५ ला कॅनडात आणि १९८९ ला न्यूयॉर्कमध्ये झालेली आहेत. फेकताना चाखून-बिखून बघू नका. पुढच्या वेळी लागेल तेवढाच सोला, किंवा वाटून छोट्या वड्या फ्रीझरला टाका, डिपमध्ये तशाच घालता येतात.