गुटख्याने गाल खराब झालेत, मूत्रमार्गाच्या स्ट्रिक्चरसाठी डुकराच्या आतड्याचा ग्राफ्ट टिकेल का?

वडिलांच्या मूत्रमार्गात स्ट्रिक्चर, म्हणजे व्रणामुळे आवळलेली जागा, आहे, गुटख्यामुळे तोंड नीट उघडत नाही, गालाचं अस्तर घेता येणार नाही म्हणून डुकराच्या आतड्यापासून केलेला ग्राफ्ट (दुसरीकडून आणून लावायचा तुकडा) सुचवलाय, असं तुम्ही लिहिलंय. टिकू शकतो, पण जागा आखूड हवी, खालचा रक्तपुरवठा चांगला हवा आणि तो ठिगळ म्हणूनच लावायला हवा. होकार देण्याआधी वडिलांची जीभ तपासून घ्या.

हा ग्राफ्ट म्हणजे डुकराच्या लहान आतड्याचे आतले-बाहेरचे थर खरवडून काढल्यावर मधे उरणारा कागदासारखा पडदा. त्यातल्या पेशी धुऊन काढतात, उरतं ते मुख्यतः कोलॅजेन. म्हणून किडनी बदलल्यावर लागतात तशी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं इथे लागत नाहीत. त्याची दुबळी बाजूही हीच. गालाचं अस्तर जिवंत असतं: पहिले दोन दिवस ते खालच्या जागेतल्या द्रवावर तगतं, मग बारीक रक्तवाहिन्या जोडल्या जातात. डुकराचा पडदा हा नुसता मांडव. वेल काठावरून चढायची, म्हणजे रुग्णाच्याच पेशी कडेने सरकत येऊन तो झाकणार. अंतर मोठं असलं की पेशी पोचण्याआधीच लघवी झिरपते, सूज येते, व्रण धरतो आणि सगळं आकसतं. सशांवरच्या प्रयोगात पेशी न पेरलेल्या नळीत जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरपर्यंतच नीट वाढ झाली. म्हणून या पडद्याची पूर्ण गोल नळी करून बसवण्याचा प्रस्ताव आला तर नाही म्हणा. मूळ मूत्रमार्गाची पट्टी जागेवर ठेवून ठिगळ लावलं की पेशींना दोन्ही बाजूंनी वाट मिळते.

माणसांवरचे आकडेही हेच दाखवतात. झेक प्रजासत्ताकातल्या डॉक्टरांनी २००७ साली ५० रुग्णांचे निकाल मांडले. सरासरी ३१ महिन्यांनी ४० जण ठीक होते. बल्बर भागातल्या, म्हणजे वृषणाच्या मागच्या बाजूच्या, १० जणांत एकाचं स्ट्रिक्चर परत आलं; शिश्नाच्या भागातल्या ९ जणांत चौघांचं. इटलीत २५ बल्बर रुग्ण जवळपास सहा वर्षं पाहिले, १९ चांगले राहिले, पण ४ सेंटिमीटरपेक्षा लांब स्ट्रिक्चर असलेले सगळे फसले. बल्बर भागात भोवतीची स्पंजासारखी पेशीजाल जाड आणि रक्ताने भरलेली असते, फरक त्यामुळे पडतो. दुर्बिणीने वारंवार कापून किंवा सळ्या घालून तीच जागा व्रणाने कडक झाली असेल, तर उत्तम पडदाही धरत नाही.

तेव्हा आधी रंगद्रव्य घालून काढलेला एक्स-रे घेऊन बसा आणि लांबी व जागा विचारा. बल्बर स्ट्रिक्चर २ सेंटिमीटरच्या आत असेल तर तो तुकडा काढून दोन टोकं थेट जोडता येतात, ग्राफ्टच लागत नाही. त्याहून लांब असेल तर जिभेच्या खालच्या-बाजूच्या अस्तराचा विचार व्हावा. गुटखा गालात धरून बसणाऱ्यांची जीभ बऱ्याचदा वाचलेली असते. लिंगाची त्वचा पांढरी, कडक पडली असेल (लायकेन स्क्लेरोसस) तर तिथली कातडी ग्राफ्टला वापरत नाहीत, आजार तिच्यातच असतो. पूर्ण मूत्रमार्ग आवळलेला असेल तर डुकराच्या पडद्याचा विषय सोडा. पुण्याच्या डॉ. संजय कुलकर्णींची एका बाजूनेच मूत्रमार्ग सोडवून तोंडातलं अस्तर लावण्याची पद्धत अशाच केसेससाठी आहे.

पडदाच वापरायचं ठरलं तर ऑपरेशनआधी लघवीचं कल्चर (जंतूंची तपासणी) स्वच्छ हवं आणि तंबाखू पूर्ण बंद. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात. कोरडा पडदा सलाईनमध्ये मऊ करून विरघळणाऱ्या बारीक टाक्यांनी बसवतात. कॅथेटर साधारण तीन आठवडे राहतं. ते ओढलं जाऊ नये म्हणून पोटाला किंवा मांडीला चिकटपट्टीने नीट बांधा, ताण थेट टाक्यांवर येतो. काढताना रंगद्रव्याचा एक्स-रे करून गळती नाही ना ते पाहून घ्यावं.

घरात डुकराबद्दल धार्मिक अडचण असेल तर ती संमतीपत्रावर सही करण्याआधीच सर्जनला सांगा. पेशी काढल्या तरी मूळ प्राणी तोच राहतो.

नंतर ठरलेल्या तारखांना युरोफ्लो, म्हणजे लघवीच्या धारेचा वेग मोजण्याची तपासणी, करा. सेकंदाला १५ मिलीच्या वर धार असेल तर समाधानकारक. १० च्या खाली घसरली तर थेंब थेंब होईपर्यंत थांबू नका, लगेच दुर्बिणीने आत पाहून घ्या.