मुलीने वर्षभर थांबावे, पॉलिसीचा हप्ता आताच थांबवावा

प्रश्न : मुलगी इंग्लंडमध्ये एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. सप्टेंबरपासून लंडनमध्ये बार कोर्सला, म्हणजे बॅरिस्टर होण्यासाठीच्या अभ्यासक्रमाला, प्रवेश मिळाला आहे, पण ती एक वर्ष थांबते म्हणते. शैक्षणिक कर्ज ४० लाख, दर ११ टक्के, व्याज अजून भरलेले नाही. बार कोर्ससाठी घर तारण ठेवून आणखी ४० लाख काढायची तयारी आहे. माझे वय ५६, राज्य सरकारी नोकरी, हातात सव्वा लाख येतात. दोन वर्षांनी निवृत्ती, पेन्शन साधारण ६० हजार. कर्ज देताना घ्यायला लावलेल्या पॉलिसीत वर्षाला ३ लाख भरतो, त्याची काही अडचण नाही. ती बॅरिस्टर झाली की पौंडांत फेड होईल, नाहीतर मुंबई हायकोर्ट आहेच. वर्ष वाया जाऊ द्यावे का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : थांबू द्या. पण पत्रात ज्याची ‘काही अडचण नाही’ असे तुम्ही लिहिले आहे, अडचण नेमकी तिथे आहे.

तुम्ही तीन हप्ते, म्हणजे ९ लाख भरलेत. दहा वर्षे ३ लाख भरायचे आणि पंधराव्या वर्षी सुमारे ४८ लाख मिळायचे, असा सोबतचा तक्ता सांगतो. हा परतावा वर्षाला साडेचार टक्क्यांच्या आसपास पडतो. त्याच तीन वर्षांत कर्जावर ११ टक्क्यांनी साचलेले व्याज ९ लाखांच्या जवळ आहे. म्हणजे ते ९ लाख व्याजात भरले असते, तर आज डोक्यावर ४९ऐवजी ४० लाखच असते. दहा वर्षांच्या फेडीत ४९ लाखांचा हप्ता ६७ हजार, ४० लाखांचा ५५ हजार. या पॉलिसीची किंमत दरमहा १२ हजार रुपये आहे, तीही दहा वर्षे. ‘मुलीच्या पुढच्या शिक्षणाची सोय’ म्हणून विकलेली पॉलिसी मुलगी तेहतिशीत गेल्यावर पैसे देणार. विकणाऱ्याने कॅलेंडर तरी बघायचे होते!

आता सोडली तर? तीन हप्त्यांनंतर हमीचे सरेंडर मूल्य, म्हणजे पॉलिसी मध्येच सोडल्यावर परत मिळणारी रक्कम, भरलेल्या रकमेच्या ३५ टक्के, म्हणजे ३ लाख १५ हजार. विशेष सरेंडर मूल्य याहून जास्त असू शकते, ते कंपनीकडून लेखी मागा. पेडअप केली, म्हणजे पॉलिसी न मोडता फक्त हप्ते थांबवले, तर ३० लाखांचे विमाछत्र ९ लाखांवर येईल, आणि ते पैसे जमलेल्या थोड्या बोनससह आणखी बारा वर्षांनी मिळतील. सरेंडरचे ३ लाख १५ हजार आज कर्जात भरलेत, तर ११ टक्क्यांनी बारा वर्षांत वाचणारी रक्कम ११ लाखांच्या घरात जाते. चालूच ठेवली, तर यापुढच्या पैशावर साडेसात टक्के पडतात, कारण बुडायचे ते आधीच बुडाले आहे. तरी ११ पेक्षा कमीच. तेव्हा सरेंडर करा. फक्त आधी ५० लाखांचा टर्म विमा हातात येऊ द्या. छप्पन्नाव्या वर्षी तो महाग पडेल आणि वैद्यकीय तपासणी होईल. तो मंजूर होईपर्यंत जुनी पॉलिसी सोडू नका.

सुटलेले महिना २५ हजार आणि खिशातले १२ हजार मिळून ३७ हजार होतात. ४० लाखांवरचे चालू व्याज तेवढेच आहे. ते याच महिन्यापासून भरा. जुनी करप्रणाली घेतली असेल, तर भरलेल्या व्याजाची पूर्ण वजावट मिळते.

घर मात्र तारण ठेवू नका. नव्या ४० लाखांचा हप्ता साडेदहा टक्क्यांनी ५४ हजार. दोन्ही मिळून महिना १ लाख २१ हजार, आणि दोन वर्षांनी हातात ६० हजार. गणित इथेच संपते.

पौंडांचे म्हणाल, तर बार कोर्स पास होणे म्हणजे बॅरिस्टरची कमाई सुरू होणे नव्हे. त्यानंतर बारा महिन्यांची प्युपिलेज, म्हणजे बॅरिस्टरच्या हाताखालची उमेदवारी, मिळवावी लागते. तिच्या जागा वर्षाला पाच-सहाशेच्या आसपास, आणि अर्ज करणारे काही हजार. लंडनमध्ये तिचे वर्षाचे किमान मानधन २०२५ साली सुमारे २४ हजार पौंड होते. तेवढ्यात तिचे तिथले भागेल, तुमचा हप्ता भागणार नाही.

मुंबई हायकोर्टाचा भरवसाही सोडा. ॲडव्होकेट्स ॲक्टनुसार बॅरिस्टर म्हणून थेट सनद मिळायची ती ३१ डिसेंबर १९७६ पर्यंत बॅरिस्टर झालेल्यांनाच. तिला बार कौन्सिल ऑफ इंडियाची परदेशी पदवीधारकांसाठीची परीक्षा द्यावी लागेल. बारावीनंतर तीन वर्षांत घेतलेल्या इंग्लिश पदवीला दोन वर्षांचा ब्रिज कोर्सही मागितला जातो. म्हणजे इथल्या सनदेसाठी ४० लाखांच्या बार कोर्सचा उपयोग शून्य.

म्हणून तिचे थांबणे शहाणपणाचे आहे, पण नीट थांबायला हवे. प्रवेश पुढच्या वर्षी ढकलता येतो का आणि अनामत रक्कम टिकते का, हे कॉलेजला लेखी विचारा. लिंकन्स इन, इनर टेंपल, मिडल टेंपल आणि ग्रेज इन या बॅरिस्टरांच्या चार संस्थांपैकी (त्यांना ‘इन’ म्हणतात) एकीचे सदस्यत्व बार कोर्सआधी घ्यावेच लागते. शिष्यवृत्तीचा अर्ज एकाच इनकडे करता येतो. मुदत कोर्सच्या आधीच्या वर्षीच्या नोव्हेंबरच्या सुरुवातीस संपते आणि कोर्स सुरू झाल्यावर बार कोर्सची शिष्यवृत्ती मिळत नाही. या सप्टेंबरला ती गेली, तर ही संधी कायमची जाते. जानेवारीत प्युपिलेजच्या अर्जांचे संकेतस्थळ, प्युपिलेज गेटवे, उघडते, तिथे वीस अर्ज करता येतात आणि मे महिन्यात निकाल लागतो. जागा मिळाली तर ती बहुधा पुढच्या वर्षीच्या शरदात सुरू होते, म्हणजे मधले वर्ष बार कोर्सला मोकळे. काही चेंबर्स (बॅरिस्टरांची सामाईक कार्यालये) मानधनातून आगाऊ उचलही देतात. कोर्स संपल्यापासून पाच वर्षांत प्युपिलेज सुरू व्हावी लागते, त्यामुळे घाईने कोर्स केला की ते घड्याळही लवकर चालू होते. मे महिन्यात ना शिष्यवृत्ती ना जागा, असे झाले तर फी भरू नका.

हे वर्ष तिने नाशिकला काढावे. लंडनमध्ये राहायचे म्हणून ती आताच ग्रॅज्युएट व्हिसा (शिक्षणानंतर तिथे राहून काम करण्याचा परवाना) घेईल, तर त्याचे शुल्क आणि आरोग्य अधिभार मिळून सुमारे ३ हजार पौंड, म्हणजे साडेतीन लाख जातील. शिवाय हा व्हिसा आयुष्यात एकदाच मिळतो. बार कोर्सनंतर घेतला, तर प्युपिलेजच्या वर्षाला उपयोगी पडेल. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना तो दोनऐवजी दीड वर्षाचा असेल, पण बारा महिन्यांच्या प्युपिलेजला तेवढा पुरतो. एलएलबी संपल्यावर स्टुडंट व्हिसाचे जे महिने उरतात, त्यात तिने चेंबर्समधल्या मिनी-प्युपिलेज, म्हणजे काही दिवसांचे कामाचे अनुभव, उरकून घ्याव्यात.

एक खाचखळगा राहतो. शैक्षणिक कर्जाचा हप्ता न भरण्याची सवलत सहसा कोर्स अधिक एक वर्ष. तिचे थांबण्याचे वर्ष नेमके ते एक वर्ष खाईल आणि बार कोर्स सुरू होण्याच्या सुमारास ६७ हजारांचा हप्ता लागेल. पुढील शिक्षणासाठी मुदतवाढ मागता येते, ती देणे-न देणे बँकेकडे. हप्ता सुरू होण्याच्या तीन महिने आधी प्रवेशपत्र जोडून अर्ज द्या आणि पोच घ्या. शाखेतल्या माणसाने ‘होऊन जाईल’ म्हटले, तर त्याच्याकडून तेच ईमेलवर घ्या.