ट्युटोरियल बनवताय? आधी ऐकवा, मग समजवा

यावेळी पत्रांमध्ये इलेक्ट्रॉनिक म्युझिक शिकवणारे व्हिडिओ बनवणाऱ्यांचेच प्रश्न जास्त आलेत, आणि विषय माझ्या फार जवळचा आहे, त्यामुळे बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो.

प्रश्न : दादा, मी धायरीला राहतो, इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. एफएल स्टुडिओवर (कॉम्प्युटरवर म्युझिक बनवायचं सॉफ्टवेअर) बीट्स बनवतो आणि अगदी नवीन लोकांना मराठीत शिकवायचं म्हणून चॅनल सुरू केलंय. पहिल्याच व्हिडिओत सगळं बेसिकपासून घेतलं, सिंथचा (इलेक्ट्रॉनिक आवाज बनवणाऱ्या वाद्याचा) ऑसिलेटर म्हणजे मूळ आवाज काढणारा, फिल्टर म्हणजे त्यातल्या फ्रिक्वेन्सी कापणारा, एन्व्हलप म्हणजे आवाज कसा चढतो-उतरतो ते ठरवणारा, एलएफओ म्हणजे आवाज संथपणे हलवत ठेवणारा, काही सोडलं नाही. तरी कॉमेंटमध्ये लोक म्हणतात डोक्यावरून गेलं. अजून किती सोपं करू?

उत्तर : व्हिडिओ पूर्ण बघितला रे. माहिती बरोबर आहे, तयारी पण दिसते, पण पहिला आवाज ऐकू येतो तो थेट बाराव्या मिनिटाला. तोपर्यंत नुसतं बोलणं आणि स्क्रीनवर आकृत्या. समोरच्या पोराला म्युझिक बनवायचंय आणि त्याने अजून एक सूर पण ऐकला नाहीये. अजून सोपं करू नकोस, क्रम उलटा कर.

फिल्टरचंच घे. सॉ वेव्ह (करवतीच्या दातांसारखी लहर) लाव, खालचा एक सूर धरून ठेव आणि लो-पास फिल्टरचा कटऑफ (ज्याच्या वरच्या फ्रिक्वेन्सी तो कापतो ती हद्द) वरून खाली हळूहळू आण, चांगले दहा सेकंद, मध्ये एक शब्द बोलू नकोस. आवाज आधी कर्कश्श, मग गोल, मग बंद दाराआडून आल्यासारखा होत जातो. परत वर ने. आता विचार, की नेमकं काय गेलं आणि काय परत आलं. मग सांग की सॉ वेव्हमध्ये मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा सगळ्या फ्रिक्वेन्सी असतात, फिल्टर वरून त्या कापत येतो. आणि लगेच हाच कटऑफ साइन वेव्हवर फिरवून दाखव, तिथे आवाजाचा रंग बदलतच नाही, कटऑफ खाली आला की तो फक्त हळू होत जातो, कारण कापायला वर काही नाहीच. हे दोन आवाज लागोपाठ ऐकले ना की हार्मोनिक्स म्हणजे काय ते वेगळं समजवावं लागत नाही. एन्व्हलपचं पण तसंच, एकच सूर, आधी सस्टेन (सूर धरल्यावर टिकणारी पातळी) शून्य आणि डिके (तिथवर उतरायचा वेळ) छोटा, म्हणजे तार छेडल्यासारखा, मग अटॅक (सूर पूर्ण चढायचा वेळ) एक सेकंद, म्हणजे फुगत येणारा. तीन-चार आवाज ऐकवून झाले की मगच त्या चार नॉबची नावं घे, अटॅक, डिके, सस्टेन, रिलीज. एलएफओ पहिल्या व्हिडिओत नकोच.

आणि एका व्हिडिओत एकच गोष्ट, जिच्या शेवटी बघणाऱ्याकडे स्वतःचं काहीतरी तयार असेल. पहिल्या व्हिडिओला मी तर ड्रमच घेईन. स्टेप सिक्वेन्सरमध्ये (ठेका मांडायच्या चौकोनांच्या पट्टीत) १६ चौकोन, किक १, ५, ९, १३ वर, क्लॅप ५ आणि १३ वर, हाय-हॅट ३, ७, ११, १५ वर, झाला हाउस या डान्स म्युझिकचा ठेका. आपल्याकडच्या पोरांना तर हे अजून पटकन कळतं, भजनाला टाळ्या वाजवलेल्या असतात ना, केहरव्याच्या आठ मात्रा या १६ चौकोनांत दोन-दोन चौकोनांनी बरोब्बर बसतात, किक पडते पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या मात्रेवर. हे बोटं मोजून दाखव. टेम्पो १२० बीपीएम (मिनिटाला १२० ठोके) ठेवला तर चार बारची (एका बारमध्ये चार ठोके) लूप अगदी आठ सेकंदांची होते, सुरुवातीलाच सांग की व्हिडिओ संपेल तेव्हा तुमच्याकडे तुमची आठ सेकंदांची लूप असेल, मग बघ लोक थांबतात का नाही.

एक कळकळीची विनंती, 'हे तर एकदम सोप्पंय' हे वाक्य काढून टाक. तुझ्या व्हिडिओत ते सारखं येतं. ज्याचं तिथेच अडलंय तो ते ऐकून गप्प बसतो आणि लॅपटॉप बंद करतो, कॉमेंट पण करत नाही. त्यापेक्षा कुठे क्लिक केलं ते तोंडाने सांग, 'वर डावीकडे, टेम्पोच्या शेजारी' असं, कारण बहुतेक जण मोबाइलवर बघणार आणि त्या स्क्रीनवर तुझा बाण दिसत पण नाही. रेकॉर्डिंगच्या आधी विंडोजचं स्केल १५० टक्के कर, एडिटमध्ये झूम दे. पेड प्लगइन (सॉफ्टवेअरमध्ये जोडायची वाद्यं) दाखवू नकोस, सर्ज एक्सटी हा सिंथ फुकट आहे, व्हायटल या सिंथचं फुकट व्हर्जन आहे, सॉफ्टवेअर घ्यायलाच पैसे नसतील त्याच्यासाठी एलएमएमएस आहे. आणि एफएलचं ट्रायल वापरणाऱ्यांना हे आधीच सांग की प्रोजेक्ट सेव्ह होतं पण विकत घेतल्याशिवाय नीट परत उघडता येत नाही, म्हणून बंद करायच्या आधी वेव्ह फाइल एक्सपोर्ट करा. हे न सांगितल्यामुळे दोन दिवसांची मेहनत अडकली की पोरं हा नादच सोडून देतात, फार वाईट वाटतं.

प्रश्न : नमस्कार. मी सदाशिव पेठेत हार्मोनियमचे क्लास घेते. भाच्याने कॉम्प्युटरवर म्युझिक करायला शिकवलं आणि मी त्यात रमले. आता माझ्या विद्यार्थ्यांसाठी छोटे व्हिडिओ करायचे आहेत. पण ज्यांना स्वरज्ञान अजिबात नाही अशांनी पियानो रोलवर (सूर आडव्या पट्ट्यांनी मांडायच्या स्क्रीनवर) चाल कशी बसवायची, ते सुचत नाही. मेजर-मायनर स्केलपासून सुरुवात करावी का?

उत्तर : ताई, नका करू तिथून सुरुवात, तुमच्याकडे त्याहून चांगली वाट आहे. पियानो रोल उघडलात की बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये काळ्या पट्ट्यांच्या ओळी जरा गडद दिसतात. विद्यार्थ्यांना एवढंच सांगा, सूर फक्त गडद ओळींवर काढायचे, पांढऱ्याला हात लावायचा नाही, आणि खाली काळी तीनचा, म्हणजे सप्तकातल्या तिसऱ्या काळ्या पट्टीचा, एक लांब सूर चालू ठेवायचा. काळी तीन सा धरली की पुढच्या काळ्या रे, ग, प, ध होतात, म्हणजे भूप रागाचेच स्वर! कुठेही टिचकी मारली तरी बेसूर होत नाही, आणि ज्याने आयुष्यात कधी चाल बांधली नाही तो पाच मिनिटांत काहीतरी गुणगुणण्यासारखं करून दाखवतो. त्यांच्या चेहऱ्याकडे बघा त्या वेळी.

मग पुढच्या व्हिडिओत खालचा तो लांब सूर काळी तीनवरून काळी दोनवर न्या, वरच्या चालीतला एकही सूर न बदलता. भूपाचे स्वर धानी रागाचे झाले, सगळा मूड पालटला. मूर्च्छना, म्हणजे तेच स्वर ठेवून सा बदलणं, तुम्हाला मी काय सांगणार, पण पडद्यावर एक आडवी पट्टी खाली ओढली आणि तीच चाल उदास झाली हे डोळ्यांनी दिसतं, ते क्लासमध्ये फळ्यावर दाखवता येत नाही. मेजर-मायनर पेंटाटॉनिक ही नावं हवी तर यानंतर द्या.

अजून एक, हे तुम्हीच करू शकाल म्हणून सांगतो. हार्मोनियमचा गांधार जरा चढा लागतो अशी गवयांची तक्रार असते ना, ती सिंथवर ऐकवता येते. काळी तीनचा सा, १८५ हर्ट्झचा, सॉ वेव्हवर लावा आणि वर नेहमीचा गांधार धरा, तो येतो २३३च्या जरासा वर. नीट ऐकलंत तर वरच्या हार्मोनिक्समध्ये सेकंदाला साधारण सात वेळा थरथर जाणवते. आता गांधार १४ सेंट (दोन शेजारच्या पट्ट्यांमध्ये १०० सेंट) खाली घ्या, फाइन ट्यूनचा नॉब असतोच, म्हणजे तो २३१च्या आसपास येतो आणि थरथर जवळपास थांबते. सर्ज एक्सटीमध्ये अख्खं ट्युनिंग बदलायची पण सोय आहे. हा व्हिडिओ तुम्ही केलात तर मला लिंक नक्की पाठवा, मी वाट बघतोय.

प्रश्न : ओबीएसने स्क्रीन रेकॉर्ड करतो, चित्र येतं, माझा आवाज येतो, पण म्युझिकचाच आवाज रेकॉर्ड होत नाही. लॅपटॉप बदलावा का? (कर्वेनगर)

उत्तर : अजिबात नको. तुमचं सॉफ्टवेअर अझिओ ड्रायव्हरवर चालत असणार, तो विंडोजच्या मिक्सरला बाजूला ठेवून थेट साउंड कार्डशी बोलतो, म्हणून ओबीएसच्या हाताला काही लागत नाही. रेकॉर्डिंगपुरता ड्रायव्हर बदला, एफएल असेल तर त्याचा स्वतःचा एफएल स्टुडिओ अझिओ निवडा, दुसरं काही असेल तर विंडोजचा साधा ऑडिओ ड्रायव्हर. नाहीतर म्युझिक वेगळं एक्सपोर्ट करून एडिटमध्ये जुळवा, जरा वेळ जातो पण क्वालिटी सगळ्यात चांगली मिळते. सॅम्पल रेट (आवाज सेकंदाला किती वेळा मोजला जातो तो) म्युझिक सॉफ्टवेअर आणि ओबीएस दोन्हीकडे ४८ किलोहर्ट्झ ठेवा.

प्रश्न : मी बेसवर व्हिडिओ केला, ८०८ची किक इतकी मस्त बसवली होती, आणि लोक विचारतात किक कुठेय? (हडपसर)

उत्तर : त्यांच्या मोबाइलमध्ये नाहीये. ८०८, म्हणजे रोलंडचं १९८०चं ड्रम मशीन, त्याची किक साधारण ५० हर्ट्झच्या आसपास असते आणि मोबाइलचा इवलासा स्पीकर एवढं खालचं वाजवूच शकत नाही. सुरुवातीलाच मोठ्या अक्षरात 'हेडफोन लावा' टाका. शिवाय किकवर थोडं सॅच्युरेशन (आवाज हलकेच फाडणारा इफेक्ट) द्या, त्याने १००, १५०, २०० हर्ट्झ आणि त्याच्या वरचे हार्मोनिक्स तयार होतात, त्यातले वरचे मोबाइलवर पोचतात आणि कान खालचा सूर आपोआप भरून काढतो. स्पेक्ट्रम अॅनालायझर (फ्रिक्वेन्सी चित्रात दाखवणारा) पण उघडा ठेवा, ज्याला ऐकू येत नाही त्याला दिसेल तरी. आणि हे सगळं कसं केलंत तोच एक वेगळा व्हिडिओ करा ना, बेस ऐकूच येत नाही असं म्हणणारे खूप आहेत.

प्रश्न : घर नदीकाठी आहे, गणपतीच्या आधी रोज संध्याकाळी नदीपात्रात ढोलपथकांचा सराव, रेकॉर्डिंग करायचं कधी? महागडा कंडेन्सर माइक घेतला तर फरक पडेल का?

उत्तर : उलटा पडेल. कंडेन्सर माइक संवेदनशील, आणि आपण तो जरा लांब ठेवून बोलतो, मग ढोल पण स्पष्ट, वरचा पंखा पण स्पष्ट. साधा डायनॅमिक माइक घ्या, पुण्यातल्या तपकीर गल्लीत चौकशी करा, आणि तो तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवून बोला. बोलणं सकाळी रेकॉर्ड करा, पंखा बंद, कपड्यांचं कपाट उघडं ठेवून त्याच्याकडे तोंड करून. स्क्रीन रेकॉर्डिंगला बाहेरचा आवाज लागत नाही, ते संध्याकाळी ढोल चालू असताना खुशाल करा.