मदत मागायची कशी? पूरगावातल्या एका तरुण कार्यकर्त्याला पत्र

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

गावच्या आपत्ती समितीत यंदा तुझं नाव घातलंय आणि तू हेल्पलाइनच्या नंबरांची यादी मागितली आहेस. यादी देतो. पण कोल्हापूरच्या शिरोळ तालुक्यात पूर येतो तेव्हा एकाच रात्री शेकडो माणसं हेच नंबर फिरवत असतात. नुसतं “लवकर या, आम्ही अडकलोय” म्हणणाऱ्या गावाकडे बोट नेमकी पाठवायची कुठे, हेच वरच्यांना कळत नाही. कुठे, किती माणसं, कोणाला काय त्रास, बोट लागणार कुठे, हे ज्या गावाकडून नीट कळतं तिकडचं काम आधी मार्गी लागतं. ही माहिती मे महिन्यातच कागदावर हवी, आणि ती गावातल्या माणसांशिवाय कोणी लिहून देणार नाही.

आता नंबर. 112 हा पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका सगळ्यांसाठी. 108 रुग्णवाहिका, 102 गरोदर बायका आणि तान्ह्या बाळांसाठी. बोट, स्थलांतर, बंद रस्ते यासाठी 1077, म्हणजे जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष, राज्याचा 1070. तारा तुटल्या, डीपीत पाणी शिरलं तर महावितरणचा 1912. जनावरांच्या डॉक्टरसाठी 1962. पुण्या-मुंबईला असलेली मुलं घाबरून तिथूनच 1077 लावतात आणि तो त्यांच्याच जिल्ह्यात लागतो. त्यांना आत्ताच सांगून ठेव, कोल्हापूरसाठी आधी 0231 लावायचं, सांगलीसाठी 0233.

112 वर फोन उचलणारी व्यक्ती तुझ्या तालुक्यातली नसते, हे ध्यानात ठेव. नुसतं “राजापूर” म्हटलं तर रत्नागिरीतलं राजापूरही असू शकतं. चिखली तर करवीरमध्ये आहे, कागलमध्ये आहे आणि बुलढाण्यातही आहे. म्हणून पहिलं वाक्य नेहमी गाव, तालुका, जिल्हा. मग गल्ली आणि ठळक खूण: देऊळ, पाण्याची टाकी, दूध संस्था. मग माणसं किती, त्यात लहान किती, अंथरुणाला खिळलेलं कोण. पाणी कमरेला की माडीला, वाढतंय की थांबलंय. बोट लागेल अशी जागा, आणि वाटेत विजेच्या तारा लोंबकळत आहेत का. शेवटी एकच मोबाइल नंबर, जो चालू राहील. हे सगळं मिनिटभरात सांगून होतं. कधी फोन केला, कोणाशी बोललात, ते वहीत लिही. एकाच घरासाठी पाच जणांनी पाच फोन केले की तिकडे पाच तक्रारी नोंदल्या जातात, आणि सुटका झाल्यावरही चौघांचं “अडकलेत” तसंच फिरत राहतं. म्हणून माणसं बाहेर निघाली की “सुटका झाली” हा फोनही करायचा. हा फोन जवळपास कोणीच करत नाही.

पाणी चढलं की वीज आधी जाते. मोबाइल टॉवर बॅटरीवर काही तास निघतात, मग डिझेल पोचेल तसे. फोन लागत नसेल तर एसएमएस करून बघ, कमी रेंजमध्येही तो बऱ्याचदा निसटून जातो. व्हिडिओ मात्र पाठवत बसू नका, बॅटरी खातो.

गाव सोडायचं कधी, यावर दरवर्षी वाद होतो. पंचगंगेची इशारा पातळी कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ 39 फूट, धोका पातळी 43. कृष्णेची सांगलीत आयर्विन पुलाजवळ 40 आणि 45. 2019 आणि 2021 ला पंचगंगा 55 फुटांच्या पुढे गेली होती. पण तुझ्या गावासाठी हे आकडे नुसते पाठ करून भागत नाही. शिरोळात पंचगंगेचं पाणी, कृष्णा-वारणेचं पाणी आणि खालून मागे रेटणाऱ्या पाण्याचा फुगवटा एकत्र येतो. कोल्हापुरात उतरलं म्हणून तुमच्याकडे लगेच उतरत नाही. आणि घरात पाणी येण्याच्या कितीतरी आधी गावाचा रस्ता जातो. त्यामुळे तुमची खरी धोक्याची खूण म्हणजे बाहेर पडायच्या शेवटच्या रस्त्यावरची सगळ्यात सखल जागा. तिथे खांबावर फुटांच्या रेघा मारा. 2005, 2019, 2021 ला तिथे पाणी आलं तेव्हा राजाराम बंधारा आणि आयर्विन पूल या दोन्ही ठिकाणची पातळी किती होती, हे जुन्या माणसांना आणि तलाठ्यांना विचारून शेजारी लिहा. त्या आकड्याच्या दोन-तीन फूट आधीच पहिल्या खेपेची माणसं निघाली पाहिजेत. पुण्याहून एनडीआरएफची, म्हणजे केंद्राच्या आपत्ती बचाव दलाची, तुकडी यायला वेळ लागतो, आणि 2019 सारखा शिरोलीजवळ महामार्गच बंद झाला तर आणखी लागतो. पहिला दिवस तरी गावाचा गावालाच काढायचा असतो.

पहिल्या खेपेत कोण, ते आशाताईंना विचार. गरोदर बायकांच्या तारखा त्यांच्याकडे असतात. आठवा-नववा महिना असेल तर इशारा पातळीलाच ग्रामीण रुग्णालयाजवळ किंवा कोल्हापुरात सीपीआर या सरकारी दवाखान्याजवळच्या नातेवाइकांकडे हलवायचं. डायलिसिसवाले, इन्सुलिनवाले, ऑक्सिजनचं मशीन लागणारे, एकटे म्हातारे, नीट चालता न येणारे, सगळ्यांची नावं घरनिहाय लिही. प्रत्येक नावापुढे गल्लीतला एक धडधाकट माणूस, जो त्याला घेऊन निघेल. मोघम “मंडळाची पोरं बघतील” असं लिहू नकोस, त्यात म्हातारी माणसं मागे राहतात. आणि मजुरीसाठी बाहेरून आलेल्या कुटुंबांची नावं रेशनच्या यादीत सापडणार नाहीत. त्यांच्या झोपड्या बहुधा नदीकडेलाच असतात. तिथे स्वतः जाऊन ये.

लोक घर का सोडत नाहीत, हे बाहेरून आलेल्यांना कोडं वाटतं. तुला वाटू नये. गोठ्यात दोन म्हशी असतील तर घरचा कर्ता माणूस हलत नाही, आणि तो हलला नाही की त्याची आईही हलत नाही. तेव्हा जनावरांची छावणी कुठे, हे माणसांच्या छावणीआधी ठरवा. साखर कारखान्याचं आवार, बाजार समिती, उंचावरची गायरानं अशा जागांची बोलणी आधीच करून ठेवा. मोठ्या जनावराला दिवसाला साधारण 15 ते 20 किलो ओला चारा लागतो. शंभर जनावरं म्हणजे रोज दीड-दोन टन. वाडं, म्हणजे उसाचे शेंडे, कोण देणार, ट्रॅक्टर कोणाचा, हेही लिहून ठेवा. जनावर नेणं जमलंच नाही तर निदान दावं सोडून निघायचं, बांधलेलं जनावर जागच्या जागी बुडतं.

बोटीवर मात्र हयगय नको. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला 8 ऑगस्ट 2019 ला जी बोट उलटली, तिच्यात जादा माणसं होती. बोटीवर क्षमता रंगवलेली असो वा नसो, माणसं मोजून एका माणसाने “बस” म्हणायचं आणि त्याचं सरपंचांनीही ऐकायचं. लाइफ जॅकेट नाही तर बोटीत पाय नाही. बसल्यावर उठायचं नाही. किनारा दिसला की सगळे एकाच बाजूला सरकतात आणि बोट तिथेच कलंडते. बुडणाऱ्याकडे दोर टाका, बांबू पुढे करा, हवा भरलेली ट्यूब फेका. पोहता येतं म्हणून उडी मारू नका. वाहतं पाणी अर्धा फूट असलं तरी पाय उचलतं, आणि फूटभर पाण्यात लहान गाडी तरंगू लागते. कोल्हापूरच्या व्हाइट आर्मीसारख्या संस्था आणि जिल्हा प्रशासन तरुणांना प्रशिक्षण देतात. केंद्राच्या “आपदा मित्र” योजनेतलं प्रशिक्षण 12 दिवसांचं असतं. तालमीतली चार पोरं तरी पाठवा.

निवारा शाळेत असेल तर संडास मोज. 20 माणसांमागे एक तरी हवा. पिण्या-वापरायला मिळून माणशी दिवसाला 15 लिटर पाणी धर. नदी दुथडी असते तेव्हाच नळ कोरडे पडतात, कारण उपसा केंद्रंच पाण्याखाली जातात. म्हणून टँकर आधी सांगून ठेवायचा. टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकून क्लोरीन पुरेसं आहे का हे बघणारी ओटी टेस्ट घ्यायची, नुसता वास आला म्हणून पाणी शुद्ध झालं असं नाही. चिखलात चाललेल्यांना लेप्टोची, म्हणजे पुराच्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापावरची, गोळी द्यायची का, ते प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर ठरवतील; तू फक्त तीन दिवसांच्या आत सगळ्यांची गाठ घालून दे. साप चावला तर फडकं आवळायचं नाही, चिरायचं नाही. तो अवयव न हलवता सरळ सरकारी दवाखाना, लस तिथे असते.

बाहेरून मदत येईल, खूप येईल, आणि त्यात जुने कपडे सगळ्यात जास्त येतील. 2019 ला त्यांचे ढीग रस्त्याकडेला भिजत पडले होते. काय हवं ते रोज सकाळी एकाच माणसाने लिहून कळवायचं: सॅनिटरी पॅड, डायपर, टॉर्च, झाडू-फावडी, फिनेल, चारा. काय नको, तेही लिहा. शिजवलेलं अन्न गरम असतानाच खपेल एवढंच घ्या. पैसे कोणाच्या खासगी यूपीआयवर घ्यायचे नाहीत, मग तो कितीही चांगला माणूस असो. जे आलं ते वहीत, ज्याला दिलं त्याची सही. ट्रक महामार्गावरच्या पहिल्याच गावात रिकामे होतात, हे लक्षात ठेवून आतल्या वाड्यांसाठी वाटा बाजूला काढ.

पाणी उतरलं की लोक लगेच घर धुवायला घेतात. त्याआधी फोटो. भिंतीवरची पाण्याची रेघ, बुडालेलं सामान, कोसळलेली बाजू, सगळ्यात घरमालक उभा दिसला पाहिजे. किती तारखेला पाणी शिरलं, किती तारखेला उतरलं, हेही लिही. घर किती काळ पाण्यात होतं यावर अनुदान अडतं. मेलेल्या जनावराच्या कानातला बारा आकडी बिल्ला दिसेल असा फोटो काढून पशुवैद्यकांकडून शवविच्छेदन करून घ्यायचं, मगच पुरायचं. पंचनाम्यावर सही करण्याआधी वाचून बघा, नाव आधार कार्डाप्रमाणे आहे का आणि बँक खातं चालू आहे का ते तपासा. पैसे बहुतेक वेळा इथेच अडकतात. ओल्या घरात मेन स्विच चालू करायचा नाही, आधी वायरमन.

झोप उडालेली, सारखं पावसाचा आवाज ऐकू येणारी, एकदम गप्प झालेली माणसं महिनाभरानेही भेटतील. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. पीककर्ज डोक्यावर असलेल्या घरांत स्वतः जाऊन बस. असा माणूस आपणहून फोन करेलच असं नाही.

वहीच्या तीन प्रती कर. एक ग्रामपंचायतीत, एक तुझ्याकडे, एक गावाबाहेर राहणाऱ्या कोणाकडे तरी, म्हणजे गावात वीज-रेंज गेली तरी तिकडून कोणी नियंत्रण कक्षाला वाचून सांगेल.

तुझा,
काका

ता. क. मागच्या पुरातली लाइफ जॅकेट ग्रामपंचायतीच्या माडीवर ढिगात पडलेली असतील. बक्कल लागतात का, शिवण उसवली आहे का बघ, आणि एकेक जॅकेट घालून विहिरीत पट्टीच्या पोहणाऱ्याकडून तपासून घे. इंजिनात गेल्या वर्षीचं पेट्रोल असेल तर ओतून टाका.